कोबीच्या रोपांवरची काच

लविनिया पेनहॅलोला रिकामी जागा बघवत नसे. टोपी रिकामी दिसली की ती तिच्यावर पीस खोचायची, टेबल रिकामं दिसलं की फुलदाणी ठेवायची, आणि गप्पांत कुणी क्षणभर श्वास घ्यायला थांबलं तर ती फटही तीच भरून काढायची. बोस्टनकडच्या क्विनसेट गावात, मासळीधक्क्याजवळ तिचं टोप्यांचं दुकान होतं. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, बांधा पिंपासारखा, आणि चाल अशी की बाई निघाली की रस्त्यातल्या कोंबड्या आपणहून बाजूला व्हायच्या. अख्खं गाव तिला मावशी म्हणायचं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

हिवाळ्यात चर्चच्या दिवाणखान्यात जिवंत चित्रं व्हायची. पडदा बाजूला सरायचा आणि गावातलीच माणसं कुणी राजा, कुणी राणी, कुणी गलबताचा कप्तान होऊन दोन मिनिटं श्वास रोखून पुतळ्यासारखी उभी राहायची. हा सगळा कारभार लविनियाचा. कुणी कुठे उभं राहायचं, कुणाच्या खांद्यावर कोणती शाल, मेणबत्ती किती अंगुळं डावीकडे, सगळं ती ठरवायची. एकदा न्हाव्याच्या नाकावर माशी बसली आणि तो शिंकला, तेव्हा लविनिया त्याच्याशी तीन आठवडे बोलली नव्हती.

लविनिया बेचाळीस वर्षांची असताना तिची सेलमची चुलत बहीण वारली आणि लविनियाच्या नावानं एक खोकं आलं.

"मला वाटलं चांदीची किटली येणार," ती शेजारणीला म्हणाली, "तर आली ही तीन पायांची शेळी!"

शेळी म्हणजे कॅमेरा. पितळी डोळ्याचा, कातडी पोटाचा, लाकडी तिकाटण्यावर उभा राहणारा. त्याच्याबरोबर फोटो ज्यांच्यावर उमटतो त्या काचा भरायच्या चौकटी, काळं कापड, औषधांच्या बाटल्या आणि गळ्यात अडकवायचा निळ्या काचेचा एक तुकडा. त्या तुकड्यातून पाहिलं की जगाचे रंग विझतात आणि फोटोत काय उजळ येईल, काय काळं पडेल याचा अंदाज येतो. पहिल्या वर्षी लविनियानं चाळीस काचा वाया घालवल्या आणि दुकानातल्या तीन टोप्यांवर रसायन सांडलं. दुसऱ्या वर्षी मात्र तिचा हात बसला.

घरांचे फोटो काढायचं तिच्या डोक्यात आलं ते एका भांडणावरून. पार्सन्सचं घर पाडलं त्याला महिनाही झाला नव्हता. दोनशे वर्षांचं घर, उतरत्या छपराचं, मधोमध गाडीएवढी चिमणी. त्याच्या पुढच्या दाराला फळ्या चार होत्या की पाच, यावर दोघा पार्सन्स भावांची जुंपली. दोघंही त्या दारातून पन्नास वर्षं आतबाहेर केलेले. एक म्हणे चार, दुसरा म्हणे पाच, आणि अख्ख्या गावात छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस निघाला नाही. लविनिया त्या संध्याकाळी घरी आली आणि शेळी घेऊन पुढच्याच दिवशी रस्त्यावर उतरली.

चौदा वर्षांत तिनं गावातलं एकूण एक जुनं घर काचेवर उतरवलं. दारं, जिने, भिंतीतली कपाटं, चुली, तुळया. पण रिकामी खोली तिला बघवत नाही, हे आपण जाणतोच. एका हातगाडीवर तिनं सामान जमवलं होतं. एक चरखा, एक पाळणा, एक गंजकी बंदूक, मक्याच्या कणसांच्या वेण्या. या सामानाबरोबर थँकफुल डोन. थँकफुल तिची शेजारीण, बारीक अंगाची, फटकळ तोंडाची. तिला पांढरी टोपी घालायची, चरख्याशी बसवायचं आणि म्हणायचं, "हलू नकोस."

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"सोळाशे कितीतरी सालात लोकांच्या पायाला मुंग्या येत नव्हत्या. गप बस."

उन्हाळ्यात बोस्टनहून येणारे पाहुणे हे फोटो हातोहात न्यायचे. म्हणायचे, काय ते घर, काय ती आजी!

फोटो काढायची तिची एक ठरलेली पद्धत होती. खोली सजवण्याआधी ती एक काच रिकाम्या खोलीवर खर्ची घालायची. उजेड किती, कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण किती वेळ काढून ठेवायचं, हे त्या काचेच्या काळेपणावरून कळायचं; तिच्यावर काय उमटलंय ते ती बघायचीच नाही. तिला ती मापाची काच म्हणायची. माप कळलं की काच निरुपयोगी. मग ती काच थँकफुलकडे जायची, कारण थँकफुलच्या परसात कोबीच्या रोपांचा वाफा होता, चारी बाजूंनी फळ्या आणि वर अशाच काचांचं झाकण. आत ऊब राहायची. बर्फ वितळायच्या आधीच रोपं तयार असायची, म्हणून क्विनसेटमधली पहिली कोबी थँकफुलच्या घरी शिजायची, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

आता त्या मार्चमधल्या सोमवाराकडे येऊ. एकोणीसशे आठ साल. वर्षातून एकदा भरणारी गावसभा. त्या दिवशी दुकानं बंद, होड्या किनाऱ्याला, आणि गावातले सगळे पुरुष सभागृहात. बायकांना मत नव्हतं. त्या वरच्या गॅलरीत बसायच्या, विणकाम करायच्या आणि दुपारच्या जेवणाला खाली येऊन त्याच पुरुषांना वाढायच्या. मडक्यात रात्रभर शिजलेली घेवड्याची उसळ, गुळाचा काळा पाव आणि खुसखुशीत कवचात फळांचं सारण भरून भाजलेली सोळा प्रकारची पाय. सभेत काय ठरलं हे पुरुष विसरायचे, पण कोणाच्या पायचं कवच जास्त खुसखुशीत होतं हे वर्षभर आठवायचे.

सतरावं कलम लॅडच्या घराचं होतं. म्हातारी मिस लॅड मागच्या उन्हाळ्यात गेली आणि घर गावाला देऊन गेली. ते रस्त्याच्या अगदी कडेला, वळणावर उभं. गावकारभारी एलिफॅलेट गेज यांचं म्हणणं होतं की ते पाडावं आणि रस्ता सरळ करावा, म्हणजे पाहुण्यांच्या मोटारी सरळ धक्क्यापर्यंत येतील. लविनियाचं म्हणणं होतं की ते गावातलं सगळ्यात जुनं घर आहे आणि ते उभं राहिलं पाहिजे. हिवाळाभर ती टोपी घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला हेच सांगत होती आणि प्रत्येक बाई ते घरी जाऊन नवऱ्याला सांगत होती. त्यामुळे गेजसाहेब तयारीनं आले होते.

एलिफॅलेट गेज वाईट माणूस नव्हता. जाडजूड, गुलाबी गालांचा, स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत आधी हसणारा. शाळेत तो लविनियाच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिच्या वेण्या बाकाला बांधायचा. तो उठला, कोटातून फोटोंचा गठ्ठा काढला आणि सभापतींच्या टेबलावर एकेक करून मांडू लागला.

"मंडळी, हे लविनियामावशींचे फोटो. अकरा घरं. हा चरखा बघा. याचा एक आरा मोडलाय, त्याला फीत बांधलीय. दिसली? आता हे दुसरं घर. फीत दिसली? हे तिसरं. मंडळी, आपल्या गावातला कुणीही माणूस या चरख्याएवढा फिरलेला नाही! बार्नाबसकाका चीनला जाऊन आले, तेसुद्धा नाहीत."

सभागृहात हसू फुटलं.

"आणि या अकरा घरांतल्या अकरा आज्या! सगळ्यांच्या हनुवटीवर तोच तीळ!"

"माझ्या हनुवटीचं नाव काढू नकोस, एलिफॅलेट!" गॅलरीतून थँकफुलचा आवाज आला. "तुझ्या किती हनुवट्या आहेत ते आधी मोज!"

हसण्याचा असा लोट उसळला की सभापती कॅप्टन बार्नाबस लंटना हातोडा चार वेळा आपटावा लागला. बार्नाबसकाका सत्तरीचे. पूर्वी गलबतांवर, नंतर होड्या बांधण्यात आयुष्य गेलेलं. ते कमी बोलायचे आणि म्हणून सगळे ऐकायचे.

"मुद्द्यावर ये, एलिफॅलेट."

"मुद्दा हाच की जिचा चरखा खोटा, आजी खोटी, तिचं घर तेवढं खरं कशावरून? माझे आजोबा सांगायचे, लॅडचं घर इंग्रजांशी लढाई झाल्यानंतरचं, जेमतेम सव्वाशे वर्षांचं. तसली तीस घरं आहेत गावात. आणि जमीन इतकी कुजलीय की चार माणसं एकदम आत गेली तर पाचवा तळघरात!"

बार्नाबसकाकांनी वर पाहिलं. "लविनिया पेनहॅलोला बोलायचं आहे. बाईमाणसानं बोलण्याला कुणाची हरकत?"

कुणी हरकत घेतली नाही. मजा बघायची होती सगळ्यांना. लविनिया कठड्याशी उभी राहिली. चौदा वर्षांचं काम खाली टेबलावर पसरलेलं होतं आणि तीनशे डोळे तिच्यावर. तिनं तोंड उघडलं, आणि जिच्या तोंडाची टकळी कधी थांबली नव्हती त्या बाईला शब्द सापडेना.

"चरखा माझाच आहे," ती शेवटी म्हणाली. "बंदूकही. कणसंही."

आणि खाली बसली.

"जेवणाची सुट्टी," बार्नाबसकाका म्हणाले. "दीड वाजता सतराव्या कलमावर मत."

खाली थाळ्या मांडल्या जात होत्या. लविनिया गॅलरीच्या जिन्यावर बसून राहिली. तिला राग एलिफॅलेटचा आला नव्हता. तो खरं तेच बोलला होता, हीच खरी बोच होती. अकरा घरं तिनं सजवली आणि त्या सजावटीनंच बाराव्या घराचा घात केला. आता लोक हसत हसत हात वर करतील, आणि पुढच्या महिन्यात लॅडच्या घराच्या फळ्या जळणाच्या ढिगात जातील.

थँकफुल पायरीवर तिच्या शेजारी येऊन टेकली. हातात पायचा तुकडा.

"खा."

"भूक नाही."

"तुला भूक नाही? मग प्रकरण गंभीर आहे." तिनं तो तुकडा स्वतःच खायला घेतला. "मी म्हणते, या चरख्याच्या आधीचा एखादा फोटो नाही का तुझ्याकडे? नुसत्या खोलीचा?"

"नुसत्या खोलीचा फोटो कोण काढतं?"

"तू काढतेस की. मला थंडीत दाराबाहेर उभी करून."

लविनियानं मान वर केली. लॅडच्या घरात ती ऑक्टोबरात गेली होती. आधी मापाची काच. मग चरखा, मग चुलीवरच्या भिंतीवर बंदूक आणि कणसांच्या वेण्या.

"थँकफुल. ती मापाची काच मी तुला दिली?"

"दिलीस. हिवाळाभर पडवीत पडून होती. दोन आठवड्यांपूर्वी मांजरानं वाफ्याची एक काच फोडली, तेव्हा तीच बसवली."

पुढच्या क्षणी क्विनसेटच्या मुख्य रस्त्यानं दोन म्हाताऱ्या पळताना दिसल्या. एक पिंपासारखी, एक काठीसारखी, दोघींचे परकर गुडघ्यापर्यंत वर आणि बुटांखाली बर्फाचा चिखल. ऊन मात्र लख्ख पडलं होतं, आणि बर्फावरून ते दुप्पट होऊन डोळ्यांत घुसत होतं.

वाफ्यावर चोवीस काचा. जुन्या काचांवरचा फोटोचा थर ओलीनं केव्हाच सुटून गेला होता, काहींवर शेवाळ धरलेलं. वरच्या कोपऱ्यातली एक तेवढी नवी, करडी, धुरकट. लविनियानं पावावर लोणी लावायच्या सुरीनं कडेनं काच चिकटवणारं लुकण खरवडलं. दोन आठवड्यांचंच असल्यानं ते अजून मऊ होतं. काच सुटली. तिनं ती आभाळापुढे धरली. सगळं उलटं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, पण खोली होती. एका कोपऱ्यात ओलीनं फुगा धरलेला. बाकी शाबूत.

"माझी रोपं!" थँकफुल ओरडली. "गारठून मरतील!"

"काहीतरी घाल वर!"

थँकफुलनं चारी दिशांना पाहिलं, मग वाकली, आणि आपला फ्लॅनेलचा आतला परकर काढून त्या भोकावर पसरला. "ही कोबी तुला मिळणार नाही, एवढं सांगून ठेवते."

दुकानातून लविनियानं छपाईची चौकट आणि कागद घेतला आणि सभागृहाच्या अंगणात, दक्षिणेच्या पायरीवर, चौकट उन्हात ठेवली. काचेखाली कागद, वर सूर्य. एवढंच करायचं आणि थांबायचं. आतून ताटांचा आवाज येत होता. एकजण तिसऱ्यांदा उसळ मागत होता. लविनिया पायरीवर बसून चौकटीकडे असं बघत होती, जणू आत अंडं उबतंय.

पंधरा मिनिटांनी तिनं चौकटीची मागची बाजू अर्धी उघडली आणि कागदाचं टोक सावलीत उचललं.

तांबूस रंगात खोली उमटली होती. चूल, तुळई, चुन्याची भिंत. चुलीच्या वर, जिथे तिनं हातानं कणसांच्या वेण्या आणि बंदूक टांगली होती, नेमक्या त्या जागी, भिंतीवर ठसठशीत गडद रेघा होत्या. दोन अक्षरं, एक आडवी रेघ आणि चार आकडे.

"थँकफुल," ती अगदी हळू म्हणाली, "मला चष्मा लागलाय का?"

"लागून वीस वर्षं झाली. का?"

"हे वाच."

थँकफुलनं डोळे बारीक केले. "ई. एल. सोळाशे... सत्त्याऐंशी." मग ती जोरात म्हणाली, "अगं बाई! आणि आपण त्यावर मका टांगला!"

दीड वाजता बार्नाबसकाकांनी हातोडा आपटला आणि दार उघडून लविनिया आत आली. यावेळी तिनं परवानगीची वाट पाहिली नाही.

"कॅप्टन, हा कागद अजून पक्का केलेला नाही. उजेडात तो काळा पडत जाणार. ज्यांना बघायचंय त्यांनी पटापट बघा आणि पुढे द्या. यात चरखा नाही. आजी नाही. मी काही ठेवायच्या आधीची ही खोली आहे."

कागद हातोहात फिरू लागला. न्हाव्यानं तो खिडकीशी नेला तेव्हा दहाजण ओरडले, "अरे, उजेडात नको!" दोघांनी टोपीत धरून पाहिला, एकानं कोटाच्या आत मुंडी घालून. बाकांबाकांतून कुजबुज पसरत गेली. सोळाशे सत्त्याऐंशी. ई. एल. म्हणजे घर बांधणारा एलियाझर लॅड, दुसरं कोण! एलिफॅलेटच्या हाती कागद पोचला तेव्हा तो तपकिरी झाला होता, पण आकडे अजून दिसत होते.

त्यानं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग हसला.

"मावशी, मानलं तुम्हाला. पण त्या खोलीत मी शंभर वेळा गेलोय. मिस लॅडच्या हातचा चहा प्यालोय तिथे. त्या भिंतीवर माशीचा ठिपकासुद्धा नाही. ही अक्षरं तुम्ही काचेवर काढलीत."

"मी?"

"अकरा घरांत एकच चरखा फिरवणारी बाई चार आकडे काढू शकत नाही? चला, सगळे मिळून जाऊन बघू. भिंतीवर अक्षर दिसलं तर मी माझं मत फिरवतो. नाही दिसलं, तर पुढच्या वर्षभर मावशींनी माझ्या बायकोच्या टोप्या फुकट करायच्या."

"कबूल," लविनिया म्हणाली खरी. पण भिंतीवर तिनं स्वतःही कधी काही पाहिलं नव्हतं.

बार्नाबसकाकांनी विचार केला. "सभा लॅडच्या घरी भरेल. टोप्या घाला."

असं क्विनसेटमध्ये पूर्वी कधी झालं नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही. दीडशे पुरुष रांगेनं रस्त्यानं निघाले, पुढे बार्नाबसकाका हातोडा घेऊन, मागे चिटणीस सभेचं पुस्तक घेऊन, आणि त्यांच्याही मागे बायका. बायकांच्या हातात टोपल्या. टोपल्यांत उरलेली पाय. हे कुणी ठरवलं होतं, कुणी कुणाला सांगितलं होतं, ते विचारू नका. थँकफुल आणि आणखी दोघी शेताच्या आडवाटेनं आधीच पुढे गेल्या होत्या.

लविनिया मात्र दुकानाशी वळली आणि शेळी खांद्यावर घेऊन आली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हरायचं झालं तर निदान त्या खोलीत कॅमेऱ्याशी उभं राहून हरावं, एवढंच तिच्या मनात होतं.

लॅडच्या घराचं दार उघडलं. दोन म्हणता दहा, दहा म्हणता तीस माणसं आत शिरली. सगळ्यांच्या पुढे एलिफॅलेट. त्यानं चुलीवरच्या भिंतीवर हात ठेवला. पिवळट चुना, इथे तिथे पोपडे. बाकी काही नाही.

"बघा! कोरी पाटी!"

लविनियानं भिंतीकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं. फार तर एखादा गुलाबीसर डाग, गालावरच्या जुन्या लालीसारखा, पाहावं तर आहे आणि निरखावं तर नाही. गुलाबी. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. फोटोच्या काचेला लाल रंग दिसत नाही. काचेला लाल म्हणजे काळोख. आणि निळ्या तुकड्यातून जग जसं दिसतं तसंच ते काचेला दिसतं. ऑक्टोबरात हा तुकडा तिनं डोळ्याला लावला होता तो खोली सजवून झाल्यावर.

तिनं तो लावला. आणि हसू लागली. आधी हळू, मग खदखदून, की पिंपासारखं अंग हलायला लागलं.

"ये, एलिफॅलेट. वाक जरा. यातून बघ."

एलिफॅलेट वाकला. लविनियाच्या गळ्यातल्या फितीमुळे त्याला तिच्या खांद्याशी डोकं आणावं लागलं, तेव्हा मागून कुणीतरी शीळ घातली. त्यानं एक डोळा मिटला.

"अरे देवा," एलिफॅलेट गेज म्हणाला.

"काय दिसतंय?" बार्नाबसकाकांनी विचारलं.

"ई. एल. आणि..." त्यानं तुकडा बाजूला केला, भिंत पाहिली, पुन्हा तुकडा लावला. "गेरूनं लिहिलंय. मी इथे चहा प्यालो! शंभर वेळा!"

मग रांग लागली. फीत सोडून तो तुकडा एकेकाच्या हाती गेला. प्रत्येकजण एक डोळा मिटायचा, म्हणायचा, "हां!", आणि मागच्याला द्यायचा. बार्नाबसकाकांनी पाहिलं ते शेवटी, आणि मग कोपऱ्यातल्या खांबावर हात फिरवला. तो खाली बारीक आणि वर जाड होता, बंदुकीच्या दस्त्यासारखा. "हा खांब तासणीनं तासलाय," ते म्हणाले. "आणि असा खांब माझ्या आजोबांच्या वेळीही कुणी उभारत नव्हतं. अक्षरं नसती तरी मला हे आधीच कळायला हवं होतं."

तोवर घर भरलं होतं. दोन्ही खोल्या, जिना, वरचा मजला. कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "एलिफॅलेट, आत शंभरावर माणसं आहेत. तळघरात अजून कुणी पडलं नाही!"

"मी उभाय म्हणजे जमीन भक्कमच," एलिफॅलेट स्वतःच म्हणाला आणि सगळ्यांत आधी हसला.

"सतरावं कलम," बार्नाबसकाकांनी हातोडा चुलीच्या दगडावर आपटला. "घर पाडावं असं ज्यांचं मत, त्यांनी अंगणात जावं. ठेवावं असं ज्यांचं मत, त्यांनी आत थांबावं. चिटणीस मोजतील."

नेमक्या त्याच वेळी थँकफुलनं स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत चूल पेटली होती. एवढी मोठी की तिच्यात बैल भाजता आला असता. कॉफीचा वास आला, आणि त्यामागून सफरचंदाच्या गरम पायचा.

"जे आत थांबतील त्यांच्यासाठी आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "आम्हाला मत नाही. आमच्याकडे पाय आहे."

"हे नियमाबाहेर आहे!" मागून कुणीतरी म्हणालं.

"नियमांत पायबद्दल काही लिहिलेलं नाही," बार्नाबसकाका म्हणाले.

एकोणीसजण अंगणात गेले. बाहेर ऊन असलं तरी वारा समुद्रावरून येत होता. चिटणीसांनी आतली मोजणी पुरी केली आणि बाहेर आले, तेव्हा बाराच उरले होते. बाकीचे सात मागच्या दारानं स्वयंपाकघरात पोचले होते. एलिफॅलेट गेज शब्दाला जागून आत उभा होता, तोंडात घास.

"मी माझं मत फिरवलंय," तो कुणी विचारायच्या आधीच सांगत होता. "पायचा त्याच्याशी काही संबंध नाही."

घर राहिलं. रस्ता त्याला वळसा घालून गेला, आणि त्या वळणाला गाव अजून गेजचं वळण म्हणतं. एलिफॅलेट पुढे मोटारीतून येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचा की हे आपणच वाचवलं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, वरच्या मजल्यावर कुणीतरी गाणं सुरू केलं होतं, आणि लविनियाला मिठी मारायला बायकांची झुंबड उडाली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग एकदम तिची नजर पश्चिमेच्या खिडकीकडे गेली. ऊन तिरपं होऊन आत आलं होतं, चुलीवरच्या भिंतीवर सरकत होतं.

"सगळे बाहेर!" ती ओरडली.

"काय?"

"बाहेर व्हा! सगळे! उजेड जायच्या आत मला ही खोली हवी. जशी आहे तशी."

"मावशी, आत्ताच आम्ही मत दिलं की आम्ही आत थांबणार!"

"ते मत झालं. आता फोटो आहे. ती खुर्ची पण घेऊन जा, न्हाव्या. थँकफुल, तो कप उचल. काही ठेवू नकोस. काही म्हणजे काही नाही!"

क्विनसेटची गावसभा, सभापतींसकट, पाय आणि कॉफीसकट, अंगणात जाऊन बर्फात उभी राहिली. दार बंद झालं. लविनियानं तिकाटणं रोवलं, काळ्या कापडाखाली शिरली, बाहेर आली. खोलीत आता काहीच नव्हतं. चूल, खांब, भिंत आणि ऊन. तिनं एकदा सगळीकडे पाहिलं. काही ठेवायला हात शिवशिवला नाही.

तिनं पितळी डोळ्यावरचं झाकण काढलं आणि मोठ्यानं मोजू लागली.

"एक... दोन... तीन..."

"किती वेळ, मावशी?" बाहेरून एलिफॅलेट. "इथे थंडी वाजतेय!"

"नव्वदपर्यंत! आणि पाय आपटू नका, जमीन हलते! सात... आठ..."

बाहेर क्षणभर चुळबूळ झाली. मग बार्नाबसकाकांचा जाड आवाज आला, "नऊ." त्याला न्हाव्याचा मिळाला, मग थँकफुलचा, मग सगळ्यांचा. दीडशे पुरुष आणि सगळ्या बायका बर्फात पाय न हलवता, नाकं लाल करून, एका सुरात मोजत होत्या, "दहा... अकरा... बारा..." आणि आत लविनिया पेनहॅलो झाकण हातात धरून मोजायचं विसरून ऐकत उभी होती.